यंत्राचा जाणता कोणास म्हणावें?

हल्लीं प्रत्येक गांवांत एक नवा मानकरी उत्पन्न झाला आहे. त्यास वतन नाहीं, पगार नाहीं, आणि पुष्कळदां मिसरूडहि फुटलेलें नसतें. तरी पाटलांच्या वाड्यांतून, सोसायटीच्या कचेरींतून व शेजारच्या म्हातारीच्या ओसरीवरून त्यास दिवसांतून दहा वेळां बोलावणें येतें. कोणाचा मोबाईल अडला, कोणाच्या खात्यांत हप्ता जमा झाला नाहीं, कोणाची विहिरीवरील मोटर फोनवरून चालू होईना, कीं लागलीच "त्या पोराला हाक मारा" असें म्हणतात. शहराकडील मंडळी अशा मनुष्यास 'टेकी' म्हणतात. आम्ही त्यास जाणता म्हणतों. शब्द कोणताहि असो, रोजच्या व्यवहारांत असा जाणता असणें म्हणजे नेमकें काय, याविषयीं आपल्या शेतकरी वर्गांत दोन गैरसमज दृढ झालेले दिसतात. त्या दोहोंचा भुर्दंड शेतकऱ्यासच बसतो, म्हणून चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

पहिला गैरसमज असा कीं, ज्याच्याजवळ महाग यंत्र तो जाणता. दुसरा असा कीं, हें सर्व पोरांचें काम आहे. बागायत राखणाऱ्या, कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्या, शिकल्यासवरल्या प्रौढ मनुष्यानें त्यांत लक्ष घालण्याचें कारण नाहीं. पहिल्या गैरसमजानें पैसा जातो. दुसऱ्यानें हक्क जातो.

प्रथम पहिल्याचा विचार करूं. विहिरीवरील तीन फेजची मोटर बटण दाबतांच नुसती घूं घूं करते आणि फिरत नाहीं, असें समजा. एक मनुष्य पुनःपुन्हा बटण दाबतो, स्टार्टरवर थाप मारतो, आणि वाइंडिंग जळाल्यावर मिस्त्रीस निरोप धाडतो. दुसरा मनुष्य आधीं मोटर बंद करतो. मग तिन्ही फेज येतात कीं नाहीं तें पाहतो. एखादी येत नसेल तर आपला फ्यूज उडाला आहे कीं मागूनच वीज येत नाहीं, याचा शोध घेतो. फेज पुऱ्या असतील तर स्टार्टर, मग केबल, मग पंप, अशा क्रमानें जातो. एका वेळीं तो एकच गोष्ट बदलतो, आणि काय केलें व त्यानें काय झालें तें ध्यानांत ठेवतो. जेथें आपलें ज्ञान संपलें तेथें वीजेस हात न लावतां मिस्त्रीस बोलावतो, व त्यास काय काय पाहून झालें तें सांगतो. दोघांच्या स्टार्टरची किंमत सारखीच. दोघांत जाणता कोणता, तें वाचकांस सांगावयास नको.

तेव्हां जाणतेपण यंत्रांत नाहीं, संवयींत आहे. आमच्या मतें ह्या संवयी तीन. जें समोर लिहून आलें आहे तें वाचल्यावांचून बोट न लावणें, ही पहिली. दोष कोठें आहे तें क्रमानें शोधणें, ही दुसरी. केलेल्या कामाची नोंद ठेवणें, ही तिसरी. ह्या तिन्ही ज्याच्या अंगीं आहेत तो दोन हजारांच्या मोबाईलावरहि आपलें काम करून घेईल. ज्याच्या अंगीं नाहींत त्याच्या हातीं लाखाचें यंत्रहि खेळणें होईल.

ह्या संवयी शेतकऱ्यास परक्या आहेत असें कोणी समजूं नये. पेरणीच्या वेळीं जमिनीची ओल पाहून तिफणीचें फण किती खोल जावें तें ठरविणारा मनुष्य यंत्राचा जाणताच होता. मोजणीची जुनी साखळी ३३ फूट लांबीची असे व तिचे सोळा आणे धरीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच एक गुंठा. आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब सही न येणाऱ्या कुणब्यासहि तोंडपाठ असे, कारण त्यावर त्याचा बांध अवलंबून होता. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी शंका पुष्कळ शेतकऱ्यांनीं घेतली. शंका घेणें हा दोष नव्हे. शंका घेऊन परीक्षा न करणें, हा दोष. ज्यांनीं एक तुकडा नांगरून पाहिला त्यांची शंका फिटली, आणि पुढें तोच नांगर घरोघर झाला.

आतां दुसऱ्या गैरसमजाकडे वळूं. हा अधिक घातक आहे, आणि तो कां घातक आहे तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

इंग्रजी अमलांत १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड साहेबांनीं जमिनीच्या मोजणीस व प्रतबंदीस आरंभ केला. पुढें विंगेट साहेब त्यास मिळाले. रयतेच्या नांवावर शेत लागलें व त्याचा सारा ठरला. परंतु तें लिहिणारा हात दुसऱ्याचा, वाचणारा डोळा दुसऱ्याचा, आणि रयतेचा फक्त अंगठा. सावकाराच्या दारींहि तोच प्रकार. खतांत किती रुपये लिहिले, व्याज कोणत्या दरानें धरलें, भरलेली रक्कम जमा झाली कीं नाहीं, यांतलें कांहीं कुणब्यास वाचतां येत नसे. त्याचा शेवट १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें झाला. जमाव सावकारांच्या घरांवर गेला, आणि त्यानें प्रथम मागितले ते कागद. खतें व वह्या बाहेर काढून जाळल्या. पुणें व नगर जिल्ह्यांत दंगा पसरला, तेथेंहि लोकांचा रोख मुख्यत्वें कागदांवरच होता. दंग्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याचें खत ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिलें जावें, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मिळावा, असें त्या कायद्यानें ठरविलें. अर्थात् सरकारनेंहि अखेर हेंच कबूल केलें कीं, ज्याचा कागद त्यास कळत नाहीं त्याचें कर्ज फिटत नाहीं. १९५१ सालीं कुलकर्णी वतनें गेलीं, तलाठी आला, शाळा निघाल्या, आणि दोनतीन पिढ्यांत शेतकऱ्याचा मुलगा आपला सातबारा आपण वाचूं लागला. हा मोठा लाभ आपण फार श्रमानें मिळविला आहे.

आज तो लाभ पुन्हा हातचा जाण्याचा संभव उत्पन्न झाला आहे, हें आम्हांस सांगावयाचें आहे. कागद आतां कपाटांत राहिला नाहीं. तो यंत्रांत गेला आहे. आधार क्रमांक देण्याचा देशांतील आरंभच आपल्या महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या लहानशा गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं झाला. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. पूर्वीं गांव नमुना १२ मध्यें पिकाची नोंद तलाठी करी, ती आतां शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन, आपल्या मोबाईलावरून करावयाची आहे. पीएम-किसान योजनेचे वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं थेट खात्यांत येतात, पण ई-केवायसी झाल्याशिवाय ते येत नाहींत. पीकविम्यांत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आंत देण्याची अट ज्या हंगामांत होती, त्या हंगामांत शेत पाण्याखालीं असतांनाच मोबाईल हातीं घ्यावा लागे.

वाचकांनीं ह्या बदलाचें मर्म पाहावें. ई-पीक पाहणीनें सरकारनें लेखणी प्रथमच शेतकऱ्याच्या हातीं दिली आहे. आपल्या शेतांत काय पिकलें तें शेतकऱ्यानें स्वतः सांगावें व तें दप्तरीं लागावें, असा अधिकार त्याच्या आजोबांस नव्हता. आणि आपण काय करतों? ती लेखणी हातीं येतांच दुसऱ्याकडे सरकवतों! "तूंच भर बाबा, तो नंबर आला कीं सांगतों," असें म्हणून मोबाईलच त्याच्या स्वाधीन करतों.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. अंगठ्याचे कागद कसे होतात तें आम्हांस ठाऊक आहे. त्या अनुभवावरून सांगतों कीं, मोबाईलवर येणारा तो ओटीपी म्हणजे आजचा अंगठा होय. किंबहुना तो अंगठ्याहून भारी आहे. अंगठा उठविला तर तो समोरच्या एका कागदापुरता असे. मोबाईल क्रमांक मात्र बँक, आधार, अनुदान, विमा अशा सर्व कुलपांची एकच किल्ली झाला आहे. जो मनुष्य कोऱ्या कागदावर कधींहि सही करणार नाहीं, तोच ओटीपी मोठ्यानें वाचून दाखवितो, हें आम्ही रोज पाहतों.

यांत नेहमीं लबाडीच होते असें नाहीं. म्हणूनच ती ध्यानांत येत नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका वृद्ध शेतकऱ्यानें ठिबकच्या अनुदानाचा अर्ज एका सेवा केंद्रांत भरला. केंद्रचालकानें सोयीसाठीं अर्जांत आपलाच मोबाईल क्रमांक घातला. पुढें अर्जांत त्रुटि निघाली. ती कळविणारा संदेश अर्थातच केंद्रचालकाच्या फोनवर गेला. त्याच्याकडे असे संदेश शेंकड्यांनीं येत; त्यांत तो राहून गेला. मुदत टळली व अर्ज रद्द झाला. म्हातारा मात्र आठ महिने "अजून आलें नाहीं" एवढेंच म्हणत होता. येथें चोर शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. केंद्रचालक सालस, अधिकारी नियमाप्रमाणें वागलेले, आणि शेतकरी तर दोन बुकें वाचूं शकणारा. तुटला तो एकच दुवा: ज्याचें काम त्याच्या हातीं त्याची खबर नव्हती.

यावर आक्षेप निघतील ते आम्हांस ठाऊक आहेत. "रानांत रेंज येत नाहीं. संकेतस्थळ ऐन मुदतीच्या दिवशीं बंद पडतें. बोटांचे ठसे नांगर धरून झिजले, ते यंत्र ओळखत नाहीं. मग दोष शेतकऱ्यास कां?" हे आक्षेप खरे आहेत, आणि आम्ही त्यांस बगल देत नाहीं. जेथें यंत्र अडतें तेथें मनुष्याची खिडकी उघडी असली पाहिजे, ही मागणी शेतकऱ्यानें सोडूं नये. परंतु ही मागणी नीट करतां येते ती कोणास? "सरकारचें यंत्र वाईट" असें चावडीवर बोलणारास नव्हे. अमुक तारखेस, अमुक वेळीं, अमुक गट क्रमांक भरला असतां पडद्यावर असा मजकूर आला, हें त्याचें चित्र, असें दाखवून अर्ज देणारास. यंत्राचा जाणता तो यंत्राचा भाट नव्हे. यंत्र कोठें चुकतें हें त्यास इतरांपेक्षां अधिक कळतें, म्हणून तो अधिक नेटानें भांडूं शकतो.

याचें एक उदाहरण आपल्या दप्तरांतलेंच आहे. हस्तलिखित सातबारे संगणकांत उतरवितांना अनेक ठिकाणीं नांवें बदललीं, क्षेत्रांत फरक पडला, बोजे राहून गेले. त्या चुका बाहेर काढण्यासाठीं २०१७ सालीं गांवोगांव चावडी वाचन झालें. जे खातेदार जुना उतारा घेऊन चावडीवर आले व ओळीस ओळ लावून पाहूं लागले, त्यांच्या चुका तेथेंच नजरेस आल्या. जे "संगणकांत चूक कशी होईल?" म्हणून घरीं बसले, त्यांतील कित्येक पुढें महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खालीं दुरुस्तीचे अर्ज घेऊन तहसिलीच्या पायऱ्या चढत राहिले. संगणक खोटें बोलत नाहीं हें खरें. पण त्यास खोटें सांगितलें तर तें तो तितक्याच इमानानें जपून ठेवतो. म्हणून जाणत्याचें पहिलें लक्षण वाचन, हें आम्हीं वर सांगितलें.

आतां जे जाणते आहेत त्यांसहि दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ज्ञान हें दोन प्रकारें वापरतां येतें. एक कुलूप म्हणून व एक किल्ली म्हणून. जुन्या काळीं ज्यास मोडी येई तो सर्वांस लागे, आणि कांहींनीं त्या गरजेचें वतन केलें. आजच्या तरुणानें तो कित्ता गिरवूं नये. "सरका, तुम्हांस नाहीं समजणार" असें म्हणून चुलत्याच्या हातांतील मोबाईल ओढून घेणारा पोरगा काम दोन मिनिटांत करतो खरा, पण चुलत्यास जन्माचा परावलंबी करतो. खरा जाणता मोबाईल चुलत्याच्याच हातीं ठेवतो, बोटहि त्याचेंच फिरवितो, आणि वीस मिनिटें लागलीं तरी कंटाळत नाहीं. गेल्या वर्षीं ज्या कामास दहा जण तुमच्याकडे येत होते, त्याच कामास यंदा चारच आले, तर तुमचें जाणतेपण सार्थकीं लागलें असें समजावें.

दुसरी गोष्ट विश्वासाची. दुसऱ्याचा पिन आपण विचारूं नये, कोणी सांगूं लागल्यास कान फिरवावा. आणि ठकांची रीत लोकांस समजावून द्यावी. यूपीआयनें पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं, फक्त देण्यास लागतो, हें एक वाक्य घराघरांत पोहोंचलें तरी पुष्कळ फसवणूक टळेल. "पैसे पाठवितों, पिन टाका" असें जो म्हणतो तो पैसे देणारा नसून नेणारा आहे. तरीहि घात झालाच तर लाजून बसूं नये; १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा दुसऱ्याच्या हातांतून पुढें सरकण्यापूर्वीं तो अडविला जाण्याचा संभव असतो, आणि तो संभव तासागणिक कमी होतो.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आपण जाणता शोधीत गांवभर हिंडतों, आणि घरांतली सून बारावी शिकलेली असते. मुलांचा अभ्यास, बचत गटाचा हिशेब, माहेरचा पैसा, हें सर्व ती त्याच मोबाईलावर करते. शेताचे कागद मात्र तिला दाखविण्याची आपल्यांत रीत नाहीं. परक्या केंद्रचालकास आपण ओटीपी सांगतों व घरच्या लक्ष्मीपासून गट क्रमांक लपवितों, ही शहाणपणाची गोष्ट नव्हे. ज्या घरांत मुलगी वा सून हें काम पाहूं लागली, त्या घरचे उतारे, पावत्या व तारखा जागच्या जागीं असतात, असा आमचा अनुभव आहे.

शेवटीं, हें सर्व करावें कसें? आमची सूचना साधी आहे, व तीस एक पैचाहि खर्च नाहीं. प्रत्येक खातेदारानें एक वही घालावी. तींत आपले गट क्रमांक, खाते क्रमांक, कोणत्या कामास कोणता मोबाईल क्रमांक दिला आहे, कोणता अर्ज कोणत्या तारखेस भरला व त्याचा अर्ज क्रमांक काय, हें लिहावें. पिन मात्र वहींत लिहूं नये. तो मनांतच असावा. प्रत्येक अर्जांत आपला किंवा आपल्या घरचाच क्रमांक घालण्याचा आग्रह धरावा. खरीप व रब्बी अशा दोन्ही हंगामांत पीक पाहणी एकदां तरी स्वतःच्या हातानें करावी. पहिल्या वेळीं घाम फुटेल, तिसऱ्या वेळीं फुटणार नाहीं. वर्षांतून एकदां आपला सातबारा व आठ-अ काढून गेल्या वर्षींच्या प्रतीशी ओळीनें ताडून पाहावा. आणि आपल्या मंडळाच्या मासिक सभेंत खतें, बियाणें, बाजारभाव यांबरोबर अर्धा तास ह्या कामास द्यावा; ज्यास येतें त्यानें दाखवावें, ज्यास येत नाहीं त्यानें न लाजतां विचारावें. वयाची लाज कोणी मानूं नये. साठीच्या घरांत आलेला मनुष्य नवें पीक घेऊं शकतो, तर नवें बटणहि ओळखूं शकतो.

आपल्या पूर्वजांनीं सुपें येथें कागद जाळले, कारण ते त्यांस वाचतां येत नव्हते. आज यंत्रांतला कागद जाळतां येत नाहीं, आणि जाळण्याचें कारणहि नाहीं. तो आपणांस वाचतां येतो. फक्त तो दुसऱ्याच्या हातीं न देतां आपण स्वतः उघडून पाहण्याची संवय लागली पाहिजे. ही संवय ज्यास लागली तोच आमच्या मतें यंत्राचा जाणता, मग त्याच्या खिशांत यंत्र कोणतेंहि असो. येत्या हंगामाची पीक पाहणी सुरू होईल, तेव्हां आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं किती जणांनीं ती आपल्या हातानें केली, याची गणती सभेंत व्हावी, एवढीच विनंति आहे.